चिल्ल्यानंतरचं पोट : बाळंतपणात ढिले पडलेले स्नायू आणि व्यायामाची योग्य पद्धत

चिल्ला संपतो, बाळाला पाहायला येणारी माणसं कमी होतात, अम्मी आपल्या घरी परतते आणि घरातली कामं पुन्हा अंगावर येतात. नेमक्या त्याच सुमारास अनेक बायकांच्या लक्षात येतं की पोट अजून तसंच आहे. लग्नाच्या दावतीत कुणीतरी हळूच विचारतं, "पुन्हा दिवस आहेत का?" अंथरुणातून उठताना बेंबीच्या वर मधोमध एक उंचवटा दिसतो. बाळाला उचललं की कंबर भरून येते. शिंक आली की लघवीचे दोन थेंब गळतात. ही शेवटची तक्रार तर नवऱ्याला किंवा आईलाही सांगितली जात नाही. मनात मात्र दर नमाजेला प्रश्न असतो, वुजू राहिला की गेला?

या सगळ्याला घरात एकच उत्तर मिळतं : "बाळंतपणात असंच होतं, आपोआप जाईल." हे अर्धं खरं आहे. बऱ्याच जणींचं पोट पहिल्या काही आठवड्यांत बरंच सावरतं. ज्यांचं सावरत नाही, त्यांच्यासाठी व्यायाम हा खरा उपाय आहे. पण मोबाइलवरच्या व्हिडिओत "सात दिवसांत पोट आत" म्हणून दाखवतात तो व्यायाम नव्हे, आणि त्याचं मोजमाप आरशात होत नाही.

पोटात नेमकं काय होतं

पोटाच्या समोर बरगड्यांपासून खाली जांघेच्या हाडापर्यंत स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात. त्यांच्या मधोमध एक पांढरट, चिवट पट्टी दोघांना जोडून ठेवते. तिला वैद्यकीय भाषेत लिनिया अल्बा म्हणतात. बाळ वाढतं तसं पोटाला जागा करून द्यावी लागते, म्हणून ही मधली पट्टी रुंद आणि पातळ होते आणि दोन्ही स्नायू एकमेकांपासून लांब जातात. या फटीला डायस्टॅसिस रेक्टाय असं नाव आहे. इथे काही फाटलेलं नसतं, आतडं बाहेर आलेलं नसतं. म्हणजे हा हर्निया नव्हे. गरोदरपणाच्या शेवटी ही फट जवळजवळ प्रत्येकीला असते, त्यामुळे ती होणं हा आजार मानण्याचं कारण नाही.

समोरच्या या पट्ट्यांच्या खाली, सगळ्यात आत, आणखी एक स्नायू असतो. तो कमरपट्ट्यासारखा पोटाभोवती आडवा गुंडाळलेला आहे. खोकताना, वजन उचलताना तो आधी आवळतो आणि कंबरेला आधार देतो. वर श्वासाचा पडदा, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, मागे पाठीचे छोटे स्नायू आणि पुढे हा कमरपट्टा असा एक डबाच समजा. गरोदरपणात डब्याची पुढची भिंत आणि तळ दोन्ही ताणले जातात. म्हणूनच पोट सुटणं, कंबर दुखणं आणि लघवी गळणं या तक्रारी पुष्कळदा एकाच बाईला एकत्र असतात.

पोट मोठं दिसण्याचं आणखी एक साधं कारण लोक विसरतात. बाळंतपणानंतर लगेच गर्भाशयाचंच वजन सुमारे एक किलो असतं. ते आकसत जाऊन साधारण दोन आठवड्यांत ओटीपोटाच्या हाडांमध्ये खाली उतरतं, आणि सहा आठवड्यांच्या आसपास मूळ मापावर येतं. तोवर पोट दिसणारच. दहाव्या दिवशी आरशासमोर उभं राहून रडण्यात अर्थ नाही.

किती जणींचं आपोआप बरं होतं

नॉर्वेमध्ये पहिलटकरणींचा एक अभ्यास झाला, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 300 बायकांची गरोदरपणात आणि नंतर अशी चार वेळा तपासणी केली. बाळंतपणानंतर 6 आठवड्यांनी 60 टक्के जणींना फट होती, 6 महिन्यांनी सुमारे 45 टक्के, आणि वर्षभरानंतरही सुमारे 33 टक्के जणींना. म्हणजे दर तिघींपैकी एकीला, तेही पहिल्याच बाळंतपणानंतर.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. वर्षभरानंतर फट असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या कंबरदुखीच्या तक्रारीत फरक दिसला नाही. फट दिसली म्हणून घाबरून जाऊ नये ते एवढ्यासाठीच. कंबर दुखण्याला फटीखेरीज खूप कारणं असतात. वाकून दूध पाजणं, झोप न होणं, एकाच कुशीवर बाळाला घेऊन बसणं, ही त्यातली रोजची.

घरी तपासायचं कसं

सहा-आठ आठवड्यांनंतर, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर तपासा. उताणं झोपून गुडघे दुमडा, पावलं जमिनीवर. एका हाताची बोटं बेंबीच्या जरा वर आडवी ठेवा. श्वास सोडत डोकं आणि खांदे किंचित उचला. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. मधे किती बोटं बसतात ते बघा. मग बेंबीवर आणि बेंबीखाली तसंच करून पाहा.

दोन बोटांपर्यंतची जागा सहसा काळजीची नाही. त्याहून जास्त वाटली तरी फक्त रुंदी मोजून थांबू नका. बोट मऊ लोण्यात गेल्यासारखं खोल जातं की तळाशी ताणलेलं कापड लागतं, हे जास्त महत्त्वाचं. रुंद पण ताठ फट असलेली बाई वजन नीट उचलू शकते. अरुंद पण ढिली फट असलेलीला त्रास होऊ शकतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला असा आहे की आठ आठवड्यांनंतरही फट स्पष्ट जाणवत असेल तर डॉक्टरांना दाखवावं.

चिल्ल्यात काय करावं

आपल्याकडे चाळीस दिवस बाळंतिणीला हलू द्यायचं नाही, अशी काही घरांत रीत आहे. तिच्यामागचा हेतू चांगला आहे. तिला आराम, गरम हरीरा, मालिश आणि कामापासून सुटका मिळते. कित्येक बायकांना आयुष्यात तेवढीच सुट्टी मिळते, म्हणून ती रीत मोडा असं कुणी सांगू नये. पण आराम म्हणजे खाटेवर पडून राहणं नव्हे. सतत झोपून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. साधी डिलिव्हरी असेल तर घरातल्या घरात चालणं पहिल्या दिवसापासून चालतं. सिझर असेल तरी दवाखान्यात बहुधा 24 तासांच्या आत उठवून चालवतात.

आणि दोन व्यायाम असे आहेत की ते पांघरुणात पडल्या पडल्या करता येतात, कुणाला दिसतही नाहीत.

पहिला श्वासाचा. गुडघे दुमडून उताणं किंवा कुशीवर झोपा. एक हात बरगड्यांच्या कडेला, एक ओटीपोटावर. नाकाने श्वास घ्या, बरगड्या बाजूला फुलू द्या. तोंडाने फुंकर घातल्यासारखा हळू श्वास सोडताना ओटीपोट अगदी हलकेच आत घ्या, घट्ट जीन्सची चेन लावताना घेतो तेवढंच. श्वास रोखायचा नाही. पाच-सहा वेळा, दिवसातून तीन-चारदा.

दुसरा तळाच्या स्नायूंचा. वारा आणि लघवी एकाच वेळी रोखून धरायची आहे अशी कल्पना करून आतले स्नायू वर उचलायचे. मांड्या, ढुंगण आवळायचे नाहीत. काही सेकंद धरून पूर्ण सोडायचं. सोडणंही तितकंच गरजेचं आहे. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जायचं. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगल यांनी 1948 मध्ये हा व्यायाम वैद्यकीय जगासमोर मांडला, म्हणून त्याला केगल म्हणतात. लघवी गळत असेल तर एका वेळी निदान आठ, दिवसातून तीन वेळा, आणि कमीत कमी तीन महिने, हे ब्रिटिश मार्गदर्शनातलं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. प्रत्यक्ष लघवी करताना मधेच थांबवून हा व्यायाम करू नये. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

बाळाला पाजायला बसलात की एकदा, असं ठरवलं तर विसरायला होत नाही.

पुढची पायरी

सहा आठवड्यांची डॉक्टरांची तपासणी झाली, रक्तस्राव थांबला, टाके भरले की पुढे जायचं. सतरंजी घाला, दार लावा, दहा मिनिटं पुरे.

उताणं झोपून श्वास सोडत कंबरेची पोकळी जमिनीला टेकवायची, मग सोडायची. हे सहज जमलं की एकेक टाच जमिनीवरून घसरवत पाय लांब करायचा आणि परत आणायचा. कंबर उचलली जाता कामा नये, पोट फुगता कामा नये. मग एक गुडघा बाजूला हळू पाडून परत आणणं. मग दोन्ही पावलं रोवून ढुंगण वर उचलणं, याला ब्रिज म्हणतात. पाठीला आणि ढुंगणाच्या स्नायूंना याचा फार उपयोग होतो. त्यानंतर हात-गुडघ्यांवर येऊन, पाठ सपाट ठेवून, एक पाय मागे लांब करणं, आणि जमलं की त्याच्या विरुद्ध बाजूचा हात पुढे.

उभ्याने भिंतीला हात टेकून दंड मारल्यासारखं करता येतं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं हाही उत्तम व्यायाम आहे. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, आठवड्यातून चार-पाच दिवस.

कधी वाढवायचं? नियम एकच : जोर लावताना पोटाच्या मधोमध शंकूसारखा उंचवटा आला, श्वास अडकला किंवा खाली ओढल्यासारखं, जड वाटलं, तर तो प्रकार आज तुमच्यासाठी जास्त आहे. एक पायरी खाली या. आठवड्याने पुन्हा करून बघा. इथे शेजारणीशी स्पर्धा लावण्यात फायदा नाही. तिचं बाळ दोन किलोचं असेल, तुमची जुळी असतील.

चालणं सगळ्यात स्वस्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात बाळंतपणानंतरच्या बायकांना, काही वैद्यकीय अडचण नसेल तर, आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. पळणं, दोरीच्या उड्या यांना मात्र तीन महिन्यांच्या आत हात घालू नये.

सिट-अप करू नये, हे कितपत खरं

वर्षानुवर्षं बायकांना सांगितलं गेलं की फट असेल तर डोकं उचलण्याचे व्यायाम कधीच करू नका, फट वाढेल. यावर आता बरंच काम झालं आहे. 2016 मध्ये डायान ली आणि पॉल हॉजेस यांनी दाखवलं की डोकं उचलताना फट उलट अरुंद होते. पण आतला कमरपट्टा आवळला नाही तर मधली पट्टी सुरकुतते, ढिली पडते. नॉर्वेतल्याच संशोधकांचा 2023 चा प्रयोग याहून थेट आहे. बाळंतपणाला 6 ते 12 महिने झालेल्या, फट असलेल्या 70 बायका घेतल्या. निम्म्या जणींना 12 आठवडे डोकं-खांदे उचलण्याचे व्यायाम दिले. त्यांच्या पोटाची ताकद वाढली आणि फट बिघडली नाही. पण फट मिटलीही नाही.

हा निकाल काहींना निराश करील. मला तो दिलासा देणारा वाटतो. कारण आपल्याला खरोखर काय हवं आहे? बारा किलोचं मूल कडेवर घेता यावं, पाण्याची कळशी उचलता यावी, कंबर दुखू नये, खोकताना भीती वाटू नये. हे सगळं ताकदीने होतं, आणि ताकद व्यायामाने येते. फट अर्धा बोट उरली की दीड, याने त्यात फार फरक पडत नाही. जी जाहिरात "फट शंभर टक्के बंद" असं सांगून पैसे मागते, तिच्यापासून लांब राहावं. आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत पूर्ण सिट-अप करण्याची घाई नकोच. आधीच्या पायऱ्या झाल्याशिवाय तिथे जाऊ नये.

सिझर झालं असेल तर

सिझरमध्ये पोटाचे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. कापलं जातं ते त्यावरचं चिवट आवरण. वरची त्वचा दोन आठवड्यांत भरलेली दिसते, पण या आवरणात सहा आठवड्यांनी जेमतेम निम्मी ताकद परत आलेली असते आणि पुढचे कित्येक महिने ती वाढत राहते. म्हणून बाळापेक्षा जड काही पहिल्या सहा आठवड्यांत उचलू नका. घरात मोठं मूल असेल तर ते रडेल, रुसेल. त्याला खाली बसून जवळ घ्या, उचलू नका. झोपेतून उठताना सरळ उठायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या आधाराने बसायचं. खोकला आला तर उशी पोटावर दाबून धरा.

जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा-आठ आठवड्यांनी, व्रणावर बोटांनी हळू मालिश केली तर तो खालच्या थरांना चिकटून राहत नाही. व्रणाभोवती बधिरपणा बरेच महिने राहू शकतो.

पट्टा बांधावा का

दादी-नानी सुती ओढणीने किंवा जुन्या साडीने पोट बांधायच्या, आता दुकानात वेल्क्रोचा पट्टा मिळतो. सिझरनंतर पहिल्या दिवसांत पट्ट्याने दुखणं कमी होतं आणि चालायला धीर येतो, एवढं नक्की. फट मात्र पट्ट्याने भरत नाही, चरबी वितळत नाही. खूप आवळून बांधला तर श्वास वरवर होतो आणि पोटातला दाब खाली, आधीच ताणलेल्या तळावर जातो. दोन बोटं आत जातील इतका सैल, दिवसाचे काही तास, झोपताना काढून, आणि काही आठवड्यांत सोडून द्यायचा. पट्टा बाहेरून जे काम करतो तेच आतल्या स्नायूला शिकवायचं आहे. तो कायम बांधून ठेवला तर आतला स्नायू शिकणार कधी?

नमाज आणि वुजूचा प्रश्न

नमाज पुन्हा कधी सुरू करायची हे निफासच्या रक्तावर अवलंबून असतं, पोटाच्या अवस्थेवर नाही. निफासची जास्तीत जास्त मुदत हनफी मसलकात 40 दिवस, आणि कोकणातल्या बहुतेक घरांत पाळल्या जाणाऱ्या शाफई मसलकात 60 दिवस मानली जाते. रक्त आधी थांबलं तर गुस्ल करून नमाज सुरू होते. चाळीस दिवस भरायलाच हवेत हा समज आहे. पण शरीर तयार नसेल तर खुर्चीवर बसून, इशाऱ्याने नमाज पढायची सवलत शरीयतमध्ये आहेच. टाके दुखत असताना सजद्यातून झटक्याने उठण्याची गरज नाही. सजदा करू लागलात की उठताना श्वास सोडा, हात जमिनीला किंवा गुडघ्याला टेका.

नमाजेने पोट आत जातं, असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. नमाज ही इबादत आहे, तिला पोटाच्या व्यायामाचं काम लावू नये. ती पढा आणि वरचे व्यायामही करा.

लघवी गळण्याबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं. काही बायका या एका कारणाने नमाज टाळतात, उमराहला जायचं टाळतात, लग्नाकार्यात पाणी पीत नाहीत. सतत गळत असेल तर माजूर व्यक्तीसाठी फिकहमध्ये सवलती आहेत. त्याचे तपशील आपल्या आलिमांना, किंवा आलिमाला विचारावेत. पण सवलत मिळाली म्हणून उपचार सोडू नयेत. तळाच्या स्नायूंचा व्यायाम नीट शिकून तीन महिने केला तर बहुतेक जणींना फरक पडतो. शिंक किंवा खोकला येण्याच्या क्षणभर आधी ते स्नायू आवळून धरण्याची सवय लावली तर गळणं आणखी कमी होतं. बद्धकोष्ठ असेल तर तेही सांभाळा. शौचाला जोर करण्याने तळ रोज थोडा थोडा खाली ढकलला जातो. पाणी, भाजी, फळं आणि गरज पडली तर इसबगोल.

"घरकाम हाच व्यायाम"

असं म्हणणारे बहुतेक वेळा ते काम स्वतः करत नसतात. वाकून झाडू मारणं, फरशी पुसणं, बादल्या उचलणं याने थकवा येतो. ढिल्या पोटाला शिस्तीने ताकद मिळत नाही. पहिले दोन महिने पाण्याची भांडी नवऱ्याने किंवा दिराने भरावीत. कामं करायचीच असतील तर वस्तू अंगाजवळ घेऊन, गुडघ्यात वाकून, श्वास सोडत उचला. पाजताना पाठीला उशी लावा आणि बाळाला छातीपर्यंत आणा, छाती बाळापर्यंत नेऊ नका. रमजान मध्ये आला तर दूध पाजणाऱ्या आईला रोज्याची सवलत आहे. रोजे ठेवत असाल तर व्यायाम इफ्तारनंतर तासाभराने, पाणी पिऊन.

डॉक्टरांकडे कधी जायचं

ताप, टाक्यांतून पू किंवा वाढती लाली, पॅड भराभर भिजवणारा रक्तस्राव, एका पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं, धाप लागणं, यापैकी काही असेल तर त्याच दिवशी जा. बेंबीजवळचा फुगवटा कडक झाला, आत जाईना आणि उलट्या होऊ लागल्या तर हर्निया अडकलेला असू शकतो, त्यातही थांबायचं नाही. खाली काहीतरी बाहेर येतंय असं वाटणं, शौच रोखता न येणं, किंवा तीन महिने व्यायाम करूनही लघवी गळणं, हे तातडीचं नसलं तरी दाखवायलाच हवं.

यासाठी स्त्रियांचे आजार पाहणारी फिजिओथेरपिस्ट शोधा. या शाखेत बहुसंख्य बायकाच आहेत. पोटाची तपासणी आणि व्यायाम कपड्यांत होतात. आतून तपासायची वेळ आली तर ती तुमच्या परवानगीनेच होते, नको म्हणता येतं. मुंबईत केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत, आणि खर्च खासगीपेक्षा खूप कमी. गावात असाल तर आशाताई बाळंतपणानंतर ठरलेल्या दिवशी, 42 व्या दिवसापर्यंत, घरी येतात. त्या बाळाचं वजन करतात तेव्हा आपली तक्रारही सांगा, त्या योग्य ठिकाणी पाठवू शकतात. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर तळाच्या स्नायूंच्या उपचाराचा खर्च सरकारी विमा उचलतो. आपल्याकडे तशी सोय नाही, त्यामुळे विचारावं आपल्यालाच लागतं.

ऑपरेशनचा विचार शेवटी. फट फार रुंद असेल, सोबत हर्निया असेल, वर्षभर नीट व्यायाम करूनही कामं जमत नसतील आणि पुढे मूल नको असेल, तेव्हाच सर्जन मधली पट्टी शिवून स्नायू जवळ आणतात. त्यानंतर पुन्हा गरोदर राहिल्यास ती शिवण ताणली जाऊ शकते, म्हणून हा निर्णय नवरा-बायकोने मिळून, घाई न करता घ्यावा. ऑपरेशन झाल्यावरही वर सांगितलेले श्वासाचे आणि तळाचे व्यायाम पुन्हा पहिल्यापासून करावे लागतात.